तीन जावई, तीन गाठोडी

तीन जावई असलेल्या सासूला नाटक बघायला घराबाहेर जावं लागत नाही. एकाचा प्रवेश चालू असताना दुसऱ्याला विंगेत थोपवायचं, तिसऱ्याचा रुसवा काढायचा, आणि प्रमुख भूमिका आपलीच आहे असं तिघांनाही वाटत ठेवायचं, हा खेळ तिच्या घरी बारमाही लागलेला असतो. पुसणीबाई या खेळात चांगल्या मुरलेल्या होत्या. तरीही मागच्या हिवाळ्यात त्यांच्यावर जी वेळ आली, ती दुसऱ्या कुठल्या सासूवर आजवर आली नसावी. त्यांनी एक संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला, आणि तो तीन जावयांच्या तीन जातींच्या यंत्रांवर चालवून बघण्याशिवाय त्यांना गत्यंतर उरलं नाही.

पुसणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या शाळेत संगणक शिकवायच्या. संगणकाच्या खोलीत पादत्राणांना बंदी होती त्या काळापासून शिकवायच्या. हातात कायम एक पिवळं फडकं असे. मुलांनी चूक केली की आधी पडदा पुसायचा, मग चूक दाखवायची, अशी त्यांची रीत. मुलांनी नाव ठेवलं पुसणीबाई. त्याच शाळेत शिकणाऱ्या तिन्ही मुलींनी ते घरी आणलं आणि यजमानांनी ते असं काही उचललं की पुढे बाई स्वतःच फोनवर तेच नाव सांगू लागल्या.

बाईंचा एक शब्द फार लाडका होता: बिनकामाचं. घरात फुलदाणी नाही, कारण बिनकामाची. भिंतीवर घड्याळ एक आणि खिळाही एक. यजमान पाणी खात्यात मीटर वाचायचे. निवृत्त होताना त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या जुन्या किल्ल्यांचा डबा घरी आणला. बाईंनी तो दुसऱ्याच दिवशी भंगारात दिला, कारण एकाही किल्लीला कुलूप नव्हतं. त्यातली एक किल्ली टपालपेटीची निघाली. तेव्हापासून यजमान टपाल चिमट्याने काढतात आणि कुणी विचारलं तर आमच्याकडे फार स्वच्छता असते एवढंच सांगतात.

निवृत्तीनंतर बाई विणकाम मंडळात जाऊ लागल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या बायका, सुया हातात आणि चष्मे नाकावर. स्वेटरवर नक्षी काढायची म्हणजे आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर पेन्सिलीने रंगवायचं. डोळ्यांना पाणी यायचं आणि पंधराव्या ओळीत एक घर चुकलं की सगळं खोडायचं. बाईंनी दोन वर्षं खपून त्यावर प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं 'उलट-सुलट', टाक्यांवरून. पडद्यावर चौकटी, हवा तो रंग, आणि खरी गंमत अशी की एकच फूल काढायचं, त्याची नक्कल उचलायची आणि काठभर चिकटवत जायचं. पंधरा फुलांचं काम एका फुलात.

मंडळाला तो फार आवडला. पण मंडळाच्या सेक्रेटरीणबाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी सांगितलं की सगळ्यांच्या यंत्रांवर चालेल तोच प्रोग्रॅम मंडळ घेईल. कुणाकडे विंडोज आहे, एकीकडे लिनक्स आहे, खुद्द सेक्रेटरीणबाईंकडे मॅक आहे. येत्या शनिवारी सभा. त्या दिवशी तिन्हीकडे चालला तर 'उलट-सुलट', नाही तर बाजारातला तयार प्रोग्रॅम घ्यायचा आणि विषय संपवायचा. पुसणीबाईंनी मान डोलावली. निवृत्त झाल्यापासून लोक त्यांच्याशी जरा मोठ्या आवाजात आणि सोप्या शब्दांत बोलू लागले होते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. हा प्रोग्रॅम पास झाला तर त्या आवाजाची पट्टी थोडी खाली येईल, असा त्यांचा हिशेब होता.

आता प्रोग्रॅम एकच. पण एकच नाटक घेऊन जो गावोगाव फिरला असेल, त्याला पुढची अडचण न सांगता कळेल. एका थिएटरात पडदा वर जातो, दुसऱ्यात बाजूला सरकतो, तिसऱ्यात पडदाच नसतो आणि दिवे मालवून भागवावं लागतं. नाटकातलं एक वाक्यही बदलत नाही, पण निघताना सामान तिन्ही ठिकाणांसाठी वेगळं बांधावं लागतं. यंत्राने सामान कसं बांधायचं ते लिहिलेल्या बाईंच्या बांधणीच्या फाइलीत वरच्या भागात सगळ्यांना सामाईक ते होतं. खाली तीन खण: विंडोजचा, लिनक्सचा आणि मॅकचा. कुणाला पडद्यावर टिचकी मारायला कशा प्रकारचं बोधचित्र लागतं, कुणाला काय सोबत द्यायचं, कुणाचं काय गाळायचं, हे ज्याच्या त्याच्या खणात. तीन खण, तीन गाठोडी. गाठोडं हा शब्द यजमानांचा. मधल्या जावयांना त्यापेक्षा भारदस्त शब्द हवा होता, पण घरात गाठोडंच रूढ झालं.

विंडोजचं गाठोडं थोरल्या जावयांकडे गेलं. ते एका कारखान्यात हिशेबनीस, अंगाने भरदार, स्वभावाने त्याहून. त्यांनी गाठोडं उघडलं आणि 'पुढे' या बटणावर जे बोट ठेवलं ते प्रोग्रॅम चालू होईपर्यंत उचललं नाही. मधे काय काय विचारलं गेलं असं बाईंनी विचारल्यावर त्यांनी सांगितलं, मी वाचत नाही, आपल्या माणसावर विश्वास टाकतो. बाईंना हे उत्तर आवडलं, पण चाचणी म्हणून कुचकामी वाटलं. लिनक्सचं गाठोडं मधल्यांकडे. ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत. त्यांनी आधी विचारलं की गाठोडं कोणत्या प्रकारचं. लिनक्समध्ये एवढे पंथ आहेत की प्रत्येकाला वेगळं गाठोडं दिलं नाही तर तो अन्याय होईल. दोन तास या विषयावर बोलून त्यांनी चार प्रकारची गाठोडी मागितली, त्यातलं एक वापरलं आणि उत्तम चालतं म्हणून कळवलं.

घोडं अडलं ते मॅकपाशी.

मॅकचं गाठोडं बांधायला मॅकच लागतो. ती सोय बाईंनी केली होती. दूर कुठल्याशा कंपनीच्या खोलीतला मॅक थोड्या वेळासाठी वापरायला मिळतो, त्याला इथून हुकूम दिला की तो गाठोडं बांधून परत पाठवतो. तसं ते आलंही. पण उघडून बघणार कशावर? शिंप्याने न पाहिलेल्या माणसाचा कोट शिवावा तसा प्रकार. आणि अख्ख्या गोतावळ्यात मॅक होता एकाचाच, धाकट्या जावयांचा.

धाकटे जावई फोटोग्राफर. लग्नानंतर ते बाईंना मुलींसारखंच 'आई' म्हणत, टेबलावर आपला मॅक उघडून फोटो दाखवत. एकदा असंच दाखवताना बाईंनी आधी त्या मॅकवरून ओलं फडकं फिरवलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन धाकटीच्या कानात म्हणाल्या, "दिसायला देखणं, पण नुसती शोभेची वस्तू. यंत्र तसा माणूस."

म्हणाल्या हळूच. पण तीस वर्षं वर्ग घेतलेल्या बाईचा हळू आवाज शेवटच्या बाकाला ऐकू जातो. धाकट्यांनी मॅक मिटला, जेवण केलं, जेवणाची स्तुती केली आणि निघून गेले. त्या दिवसापासून मॅकने सासुरवाडीचा उंबरा ओलांडला नाही. धाकटे मात्र येत राहिले, आणि भांडले असते तर परवडलं असतं इतके सभ्य झाले. 'आई' गेली, 'आपण' आलं. 'आपली प्रकृती कशी आहे', 'आपण बसावं', 'आपल्याला त्रास नको'. एवढा आदर अंगावर आला की बाईंना घामच फुटायचा.

धाकटीने सुचवलं, सरळ माग ना त्याच्याकडे. तो काही नाही म्हणायचा नाही.

"तेच तर," बाई म्हणाल्या. "नाही म्हणाला तर मी भांडेन. पण 'अवश्य, आपल्यासाठी काहीही' असं म्हणाला तर मी काय करू?"

मग यजमानांना वकिलीला पाठवायचं ठरलं. त्यांनी फोटो काढून घेण्याच्या निमित्ताने स्टुडिओत जायचं, बोलता बोलता मॅकचा विषय काढायचा आणि गाठोडं उघडून बघायचं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचं काम ज्यांना मुळीच जमत नाही अशा माणसांत यजमानांचा नंबर वरचा. ते दुपारी गेले आणि दिवेलागणीला परतले. हातात स्वतःचे सुंदर फोटो, एकात तर हनुवटीखाली मूठ. गाठोड्याचं काय झालं हे विचारताच त्यांना आठवलं की आपण मुळात त्यासाठी गेलो होतो. पण प्रकाश फारच छान पडला होता, असं ते म्हणाले.

शेवटी मायलेकींनीच डाव रचला. धाकट्यांना दुपारी जेवणानंतर सोफ्यावर झोपायची सवय. रात्रीच्या समारंभांचं काम, त्यामुळे झोप गाढ, तोफा डागल्या तरी कूस बदलायचे नाहीत. मॅक शेजारच्या तिपाईवर. अडचण एकच: तो उघडायला आकडे लागतात, आणि गिऱ्हाइकांचे फोटो असल्यामुळे ते आकडे धाकटे बायकोलाही सांगत नसत. पण बोटाच्या ठशाने तो उघडायचा. आणि बोट, धाकटी म्हणाली, घरातच आहे.

बुधवारी दुपारी बाई चपला हातात घेऊन लेकीच्या घरात शिरल्या. धाकटे उताणे झोपलेले, एक हात छातीवर, एक सोफ्याबाहेर लोंबलेला. धाकटीने मॅक हळूच जवळ आणला, नवऱ्याचं बोट अंगठीसारखं दोन बोटांत धरलं आणि कळीवर टेकवलं. पहिल्यांदा ओळख पटली नाही. ते मधलं बोट होतं. दुसऱ्यांदा तर्जनी धरली आणि पडदा उजळला.  वर्गात कॉपी करणारी पोरं पकडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या आज स्वतः शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. आणि सांगायला नको, पण पडद्यावर बोटांचे डाग दिसताच त्यांनी पदराआडून पिवळं फडकं काढलं आणि आडव्या हाताने पुसायला लागल्या.

धाकटीने डोळे वटारले. मग दोघींनी गाठोडं उतरवून घेतलं आणि उघडलं. 'उलट-सुलट'वर टिचकी मारली. पडद्याच्या मधोमध एक चौकोन आला. बाईंनी तो वाचला, हळू आवाजात.

"हा प्रोग्रॅम उघडता येत नाही. बनवणाऱ्याची ओळख पटत नाही. कचऱ्यात टाकायचा का?"

"टाका," सोफ्यावरून आवाज आला. "अनोळखी माणसांच्या वस्तू घरात घेऊ नयेत."

धाकट्यांचे डोळे मिटलेलेच होते. पण दुसरा हात छातीवरून नाहीसा झाला होता, आणि त्या हातातल्या फोनने एक हलकी टिकटिक केली. फोटोग्राफर माणूस मधल्या बोटालाच जागा झाला होता. पुढचा सगळा प्रवेश त्याने पुढच्या रांगेत बसून पाहिला आणि टिपला होता.

नटाला ऐन प्रवेशात वाक्य सुचत नाही तेव्हा खरं बोलणं हा एकच मार्ग उरतो. बाई तिपाईजवळच्या वेताच्या मोड्यावर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. मंडळ, शनिवार, सेक्रेटरीणबाईंचा मॅक, आणि तो तयार प्रोग्रॅम ज्यात स्वेटरला बाहीच नीट बसत नाही.

"मग विचारायचं होतं," धाकटे उठून बसत म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही 'अवश्य' म्हणाला असतात."

धाकट्यांना हसू आलं. ते आवरायला त्यांनी मॅक मांडीवर ओढला. हे काही बिघाड झाल्यामुळे नव्हे, त्यांनी समजावलं. प्रोग्रॅम बनवणाऱ्याची आधी रीतसर नोंद व्हावी लागते, मग त्याची सही गाठोड्यावर उमटते. सही नसली की मॅक अनोळखी पाहुण्याला दारातच अडवतो. बाईंना ते ठाऊक होतं. नोंदीचा अर्ज केला होता, पण ती व्हायला अवकाश होता. धाकटे सेटिंगमध्ये गेले. तिथे खाली एक बटण होतं, 'तरीही उघडा'. ते दाबलं तर पुन्हा एकदा मालकाचं बोट मागितलं.

"विचारतंय, जबाबदारी कोण घेणार," धाकटे गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "काय सांगू? ओळखतो का मी यांना?"

"सांग की, हिच्यामुळेच तुला मी मिळाले," धाकटी म्हणाली.

"मग विचार करावा लागेल," असं म्हणत त्यांनी बोट टेकवलं.

'उलट-सुलट' उघडला. मॅकच्या पडद्यावर तो असा काही खुलला की बाईंना आपलं मूल नव्या कपड्यांत पाहिल्यासारखं झालं. धाकट्यांनी रंग निवडले, एक फूल काढलं. फूलही काय काढलं, पाकळीच्या सावलीसकट. नक्कल उचलायच्या कळा दाबल्या, चिकटवायच्या दाबल्या. फूल जागचं हललं नाही. पुन्हा दाबल्या. बाई म्हणाल्या, नीट दाबा. धाकट्यांनी सासुरवाडीची घंटी दाबावी तसं अदबीने दाबलं. काही नाही. धाकटीने दाबून पाहिलं. काही नाही. बाई म्हणाल्या, शक्यच नाही, थोरल्यांकडे चालतं, मधल्यांकडे चालतं. आणि नक्कल चिकटली नाही तर त्या प्रोग्रॅमात उरतं काय? पंधरा फुलं पुन्हा हाताने.

धाकटे पडद्याच्या अगदी वरच्या कडेकडे बघत होते.

"इथे प्रत्येक प्रोग्रॅमचं काहीतरी असतं," ते म्हणाले. "फाइल, संपादन, दृश्य अशी ओळ. आपल्या प्रोग्रॅमचं नुसतं नाव दिसतंय, पुढे रिकामं."

"ती पट्टी मी काढून टाकली," बाई म्हणाल्या. "तिन्ही ठिकाणची. बिनकामाची होती. कोण बघतं तिकडे? नुसती शोभा."

 धाकटीने खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असं दाखवलं. धाकट्यांना त्या क्षणी बोलायला केवढी जागा होती. त्यांनी फक्त मॅक बाईंच्या बाजूला वळवला.

बाई मास्तरीण होत्या. चूक समोर आली की ती कुणाची हे विसरून तिच्या मागे लागायची त्यांना सवय. दोन मिनिटं त्या रिकाम्या पट्टीकडे बघत राहिल्या आणि त्यांना उमगलं. विंडोज आणि लिनक्सवर नट आपापलं भाषण पाठ करून येतो. नक्कल उचल म्हटलं की लिहायची चौकट स्वतःच ते ऐकते. मॅकवर तसं नाही. तिथे कळ दाबली की निरोप आधी त्या वरच्या पट्टीकडे जातो, 'संपादन'च्या यादीत बसलेल्या 'नक्कल'ला सापडतो, आणि मग पुढे पोचतो. पट्टी म्हणजे तिथला प्रॉम्प्टर. बाईंनी मंच नीटनेटका दिसावा म्हणून प्रॉम्प्टरलाच घरी पाठवलं होतं, आणि आता नट का बोलत नाही म्हणून विचारत होत्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"कशाबद्दल?" धाकट्यांनी अतिशय निरागसपणे विचारलं.

"आधी पट्टीचं निस्तरू द्या," बाई म्हणाल्या. "बाकीचं ओळीने घेऊ."

त्याच संध्याकाळी त्यांनी बांधणी सुधारली. विंडोज आणि लिनक्समध्ये पट्टी गाळायची ती गाळलेलीच राहिली. मॅक असेल तर मात्र पट्टी ठेवायची, तिच्यात 'संपादन' ठेवायचं, अशी अट घातली. दूरच्या मॅकला हुकूम गेला, नवं गाठोडं आलं, धाकट्यांनी उघडलं, फूल चिकटलं. धाकट्यांनी मग आणखी चुका काढायला सुरुवात केली. खिडकी बंद केली की प्रोग्रॅमच संपतो, आमच्याकडे तसं करत नाहीत. बोधचित्राला कडेला जागा सोडलेली नाही, बाकीच्यांच्या शेजारी ते ढेरपोट्या पाहुण्यासारखं दिसतं. बाई सुधारत गेल्या. गाठोडी जात येत राहिली. 'आपण' काही सुटलं नव्हतं, पण आता त्याला चव आली होती.

गुरुवारी धाकट्यांनी शेवटची मागणी केली. मॅकचं गाठोडं उघडलं की एक खिडकी येते. डावीकडे प्रोग्रॅमचं बोधचित्र, उजवीकडे प्रोग्रॅम ठेवायचं कपाट. डावीकडचं उचलून उजवीकडे नेऊन सोडायचं असतं. बाईंची खिडकी कोरी पांढरी होती. नव्या माणसाला काय कळणार? मागे एक चित्र हवं. बाई म्हणाल्या, चित्राची काय गरज, लोकांना डोळे आहेत.

"लोकांना डोळे आहेत म्हणून तर माझं पोट भरतं," धाकटे म्हणाले. चित्र मी देतो, असंही म्हणाले.

शुक्रवारी सकाळी चित्र आलं. बाईंनी ते उघडलं आणि यजमानांना हाक मारली, ती अशी की यजमान दाढी अर्धी टाकून आले. तो बुधवारचा फोटो होता. वाकलेल्या पुसणीबाई, चेहऱ्यावर चोराचं भय, आणि मॅकच्या पडद्यावर आडवा फिरलेला हात. त्या हातात पिवळं फडकं. धाकट्यांनी मागचं सगळं फिकट केलं होतं आणि हात असा बसवला होता की तो डावीकडे निघून उजवीकडे पोचत होता. यजमान साबणासकट हसले.

बाईंनी ठरवलं, हे जाणार नाही. सभेत मान खाली घालायची का? कोरी खिडकी काही वाईट नव्हती. पण मास्तरकीची खोड जात नाही. त्यांनी आधी यजमानांना कोरी खिडकी दाखवली आणि विचारलं, काय कराल? यजमानांनी बराच वेळ बघून विचारलं, अजून उघडतंय का? मग फोटोची खिडकी दाखवली. त्यांनी एक शब्द न बोलता बोट डावीकडून उजवीकडे, फडक्याच्या वाटेने नेलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग बांधणीच्या फाइलीत मॅकच्या खणात गेल्या आणि पार्श्वभूमी म्हणून ते चित्र घातलं. दूरच्या मॅककडे हुकूम पाठवताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सभा भरली. मदतीला तिन्ही जावई आले होते. विंडोजवाल्या बायकांच्या पाठीशी थोरले उभे राहिले आणि पुढे, पुढे, पुढे असा घोष करत सगळ्यांना पार करून गेले. लिनक्सवाल्या एकच होत्या, औषधांच्या दुकानाच्या मालकीण. मधल्यांनी त्यांना निवडीचं स्वातंत्र्य समजावायच्या आतच त्यांनी प्रोग्रॅम चालू करून अर्धी बाही आखली होती.

मग सेक्रेटरीणबाईंनी आपला मॅक उघडला. पडदा भिंतीवर दिसत होता. गाठोडं उघडलं आणि भिंतभर पुसणीबाई अवतरल्या. सभा अशी हसली की खालच्या वाचनालयातून कुणीतरी जिन्यात येऊन बघून गेलं. पुसणीबाई सुयांकडे बघत बसल्या. हसता हसताच सेक्रेटरीणबाईंनी बोधचित्र उचललं आणि फडक्याच्या मागोमाग नेऊन कपाटात सोडलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही. मग टिचकी मारली, आणि तो चौकोन आला. बनवणाऱ्याची ओळख पटत नाही. कचऱ्यात टाकायचा का?

हसू थांबलं. सेक्रेटरीणबाईंनी हात मागे घेतला. नियमाच्या पक्क्या बाई, त्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाल्या की असं असेल तर पुढे जाणं बरोबर नाही. बाजारातल्या प्रोग्रॅमला हा प्रश्न येणार नाही. पुसणीबाई उठल्या. नोंद, अर्ज, सही, हे सगळं सभेला कुठून सांगायचं?

मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले धाकटे खिशातून हात काढून पुढे आले.

"यंत्र ओळखत नाही ते बरोबर आहे," ते म्हणाले. "त्याची आणि यांची अजून भेट नाही. सेटिंगमध्ये जा, खाली 'तरीही उघडा' असं असेल. ते दाबा."

"आणि जबाबदारी?" सेक्रेटरीणबाईंनी विचारलं.

"माझी. मी यांना चांगलं ओळखतो."

"तुम्ही कोण?"

"जावई," धाकटे म्हणाले. "यांनी मला पारखून नापास केलेलं आहे. एवढी कडक परीक्षा घेणारी बाई तुमच्या हातात कच्चं काही देणार नाही."

सेक्रेटरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, खाली मान घालून उभ्या असलेल्या पुसणीबाईंकडे पाहिलं आणि बोट टेकवलं. प्रोग्रॅम उघडला. त्यांनी एक साधं फूल काढलं, नक्कल उचलली, चिकटवली. फूल काठावर जाऊन बसलं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. बघता बघता भिंतीवर फुलांची रांग लागली, आणि मोजदाद करायची गरज न पडता ठराव मंजूर झाला. पुसणीबाई परत बसल्या तेव्हा त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचं विणकाम उचललं आणि ती जागा धाकट्यांसाठी रिकामी केली.  खुर्ची मात्र पुसली नाही, हे धाकटीने नीट पाहिलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तीन जावयांच्या घरात एकाचा रुसवा गेला की ती जागा फार काळ रिकामी राहत नाही.

त्याच संध्याकाळी थोरलीचा फोन आला. थोरले घरी येऊन नीट जेवले नव्हते. त्यांचं म्हणणं, धाकट्यांच्या गाठोड्याला फोटो, भाषण, टाळ्या. आमच्या गाठोड्यात काय? नुसतं पुढे, पुढे, पुढे. सगळ्यात जास्त यंत्रं आमच्या बाजूची, आणि मान बघा कुणाला. बाईंनी फोन ठेवला, बांधणीची फाइल उघडली आणि विंडोजचा खण वाचायला घेतला. शोधता शोधता सापडलं. विंडोजच्या गाठोड्यातही चित्राला जागा असते. पहिल्या पानावर, डाव्या कडेला, उभी. फक्त ती फार अरुंद असते, दाराच्या फटीएवढी.

त्यांनी धाकट्यांना फोन लावला आणि एका माणसाचा फोटो हवा असल्याचं सांगितलं, उभा आणि अरुंद. कोण, असं धाकट्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. 

रविवारी सकाळी थोरले कोट घालून स्टुडिओत उभे होते, हात अंगाला चिकटवून. धाकटे कॅमेऱ्यामागे, बाई त्यांच्या खांद्यामागून बघत.

"श्वास आत घ्या," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी घेतला.

"अजून थोडा," बाई म्हणाल्या.